पाय मोडलेली अक्षरं

बितान्ताय नदीवर आज उणे एक्कावन्न.
एव्दोकिया गाईच्या कासेला
सशाच्या कातड्याची चोळी चढवते,
पाठीवर गाठ मारते, ओढून बघते,
आणि मगच तिला बर्फात खणलेल्या पाणवठ्याकडे सोडते.
गाईचं नाव एरिएन. म्हणजे चित्री.
ठेंगणी, केसाळ, नाकपुड्यांतून वाफ सोडत
आपल्याच ढगातून चालणारी.

गोठा ओंडक्यांचा, बाहेरून शेणाने लिंपलेला,
हिवाळा तोंडावर आला की थरावर थर.
खिडकीला काच नाही, बर्फाची लादी.
तिच्यातून येणारा उजेड ताकासारखा, पातळ, आंबूस.

त्या उजेडात क्युन्नेय पेटी उघडते.
याकुत्स्कहून आली आहे, शेवटचे दोन दिवस ट्रकने,
सुया, नळ्या, चिकटपट्ट्या आणि एक वही घेऊन.
इथल्या दोन वासरांचं रक्त हवंय.
शहराजवळच्या ऊबदार गोठ्यातल्या दोघांचं आधीच घेतलंय:
वळू तोच, आया बहिणी-बहिणी.

'काय शोधतेस त्यात?'

क्युन्नेय म्हणते, पोथी सगळ्यांची एकच आहे, आजी.
एकही अक्षर बदललेलं नाही.
पण आई पोटुशी असताना थंडी सोसते,
तेव्हा कुणीतरी रात्री येऊन
काही अक्षरांवर बारीक खूण करून जातं.
ती अक्षरं मग मोठ्याने वाचली जात नाहीत.
आणि काहींवरची खूण पुसली जाते,
ती इतकी वर्षं मुकी होती,
ती एकदम बोलायला लागतात:
चरबी जाळ, केस दाट कर, रक्त आत ओढून घे.

(तिच्या लिपीत हे कसं दाखवतात मला ठाऊक नाही.
आपल्याकडे अक्षराचा पाय मोडतात.
अक्षर जागेवरच असतं,
फक्त त्याचा स्वर जातो.)

एव्दोकिया हसते. तिची सासू म्हणायची,
पहिल्या हिमात गाभणीला थोडा वेळ बाहेर उभी करा,
वासराला दार ओळखीचं होतं.
'तुझ्या पेटीत हेच आहे ना?'
'कदाचित,' क्युन्नेय म्हणते. 'अजून मोजतोय.
काही खुणा टिकतात. काही एका उन्हाळ्यात जातात.'

नळी गोठायच्या आत म्हातारी ती हिसकावते
आणि सरळ आपल्या छातीशी खोचते, लोकरीच्या आत.
दुसरीही.
मग बाही वर करते.

'माझंही घे.
मी त्रेचाळीस सालची. युद्धाचं वर्ष.
माझ्या वेळी आई पाइनच्या सालीचं पीठ खायची,
दूध असलं तर दुधात, नाहीतर पाण्यात.
माझ्या मुलीनं भूक कधी पाहिली नाही, शपथेवर सांगते,
शहरात वाढली, तिसऱ्या मजल्यावर.
पण तिचा कोट धुवायला घ्या,
खिशात पावाचे तुकडे.
कुणी शिकवलं तिला?'

क्युन्नेय सुईकडे बघते, वहीकडे बघते.
'आजी, माझी परवानगी फक्त गुरांची आहे.'

बराच वेळ चुलीतलं लाकूड तेवढं बोलतं.
म्हातारी बाही खाली ओढते, गुंडी लावते,
जणू काही मागितलंच नव्हतं.
शिक्षणाने खूण वाचता येते, पुसता येते का,
असं काहीतरी पुटपुटते, किंवा गाईला हाक मारते,
साखा बोलीतलं ते मला नीट कळलं नाही.

एरिएन परतते, दाढीला बर्फाचे मणी.
दार उघडतं तशी थंडी पांढरी होऊन
गोठ्याभर लोळते.
सगळी गुरं चुलीकडे सरकतात.
एक सोडून.
अठ्ठावीस दिवसांचं, आत्ताच टोचून घेतलेलं वासरू
उठतं, उलट्या दिशेने जातं
आणि उंबऱ्याशी, फटीतून वारा येतो तिथेच,
अंगाची वळकटी करून बसतं.

क्युन्नेयला जायचं आहे.
ती पेटी डोक्यावर धरते
आणि त्याला न उठवता
ओलांडून बाहेर पडते.
नळ्या अजून म्हातारीच्या छातीशीच आहेत,
हे तिला नदीपाशी आठवतं.